ठकीची फरशी

ठकी आमच्याकडे आली तेव्हा दोन-अडीच वर्षांची असावी. तोवरचं आयुष्य तिनं एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशी साखळीला बांधलेलं काढलं होतं. खाणं, झोपणं, शी-शू, सगळं त्याच कोब्यावर. तिला सोडवून आणणारी मुलं म्हणाली, "गुणी आहे, फक्त घरात घाण करते."

पिल्लूपणी ज्या जमिनीवर लघवीची सवय लागते, तीच कुत्र्याच्या पायांना पुढेही ओळखीची वाटते. ठकीच्या पायांना गवत, माती ठाऊकच नव्हती. बागेत कितीही फिरवा, ती अवघडून उभी राहायची आणि घरी येऊन मोझॅकवर मोकळी व्हायची. त्यात भीती. बेल वाजली, कुणाचा आवाज चढला, की पोट जमिनीला टेकवून सरपटायची आणि खाली थारोळं. 'मारू नका' एवढंच ती सांगत असायची. अशा जनावरावर काठी उगारणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. माराच्या धाकानं ते जास्तच मुततं.

गुहागरला सासूबाई एकट्या, त्यामुळे जाणं टाळता येत नव्हतं. रेल्वेत कुत्रं सोबत हवं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे नाहीतर केबिन घ्यावी लागते. एरवी गार्डाच्या डब्यातली पेटी. ठकीला पुन्हा कोंडायचं? छे. पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट करत गाडीनंच जायचं ठरलं. निघण्याआधी तिचं पोट रिकामं ठेवलं, सीटवर तिच्या वासाची गोधडी मुद्दाम न धुता अंथरली, आणि डिकीत शहाबादी फरशीचा तुकडा टाकला. ही फरशी नवऱ्याची कल्पना.

ठकी वाटभर लाळ गाळत, थरथरत होती. पाटणच्या पुढे उतरलो, तर ट्रक गेला की ती गाडीखाली शिरायची. गवतात फरशी ठेवली. बराच वेळ हुंगून झाल्यावर तिनं चारही पाय त्या एवढ्याशा तुकड्यावर गोळा केले आणि बसली. आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो. घराबाहेर, उघड्यावर, पहिल्यांदा!

गुहागरला फरशी वाडीत माडाखाली मांडली आणि रोज तिच्यावर मूठ-मूठ माती पसरत गेलो. फरशी दिसेनाशी झाली तरी ठकी तिथंच जायची. पुढे शेजारच्या मातीवर, मग वाडीत कुठंही. तरी रात्री वारं सुटून झावळी पडली की ओटीवर ओलं व्हायचंच. तिथं डॉक्टरांनी दिलेलं एन्झाइमचं औषध लावायचो. नुसत्या फिनेलनं आपल्याला वास येत नाही, कुत्र्याला येतो, आणि ते पुन्हा तिथंच जातं.

सासूबाईंचा दंडक होता, कुत्रं ओटीच्या आत येता नये. ठकी थरथरली की मात्र त्या तिच्याशेजारी ओटीवर बसून तांदूळ निवडत. फटाक्यांचा आवाज तिथं कमी, म्हणून आमच्या दिवाळ्याही गुहागरला होऊ लागल्या. पुण्यात ती कमोडमागे अंग चोरून बसायची. तिथं सासूबाईंच्या पायाशी.

म्हातारपणी तिची मूत्रपिंडं थकली, झोपेतच ओलं व्हायला लागलं. तेव्हा सासूबाईंनी आपणहून माजघरात गोणपाट अंथरलं. मी संकोचले, तर म्हणाल्या, "अगो, माझं तरी निराळं काय चाललंय? निजू दे तिला आत."