आकृतीत दिसतं ते सगळं सांगू नका

पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांची वर्णनं लिहिणं हा माझा उद्योग. दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज, मोबाइलवर टॉकबॅक असे स्क्रीन रीडर वापरतात. चित्र आलं की स्क्रीन रीडर त्याला जोडलेला पर्यायी मजकूर बोलून दाखवतो. मजकूरच नसेल तर नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतो, नाहीतर ‘आयएमजी अंडरस्कोर झीरो फोर’ असं फाइलचं नाव ऐकवतो. भूगोलाचा एखादा धडा असा ऐकून बघा.

वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ साली आली. चित्र आणि ध्वनी यांना तोडीचा पर्याय द्या, हे त्यातलं पहिलंच तत्त्व. ते पाळणारे आता बरेच आहेत, पण कसे पाळतात? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेची आकृती घ्या. तिला हमखास मिळणारं वर्णन म्हणजे ‘डोंगर, ढग आणि बाण दाखवणारे चित्र’. आपोआप वर्णन करणारी जुनी यंत्रंही साधारण एवढंच सांगत. यात खोटं काहीच नाही आणि उपयोगाचंही काही नाही. ती आकृती कोणी ढग दाखवायला काढलेली नसते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि घाट उतरून गेल्यावर वाईला हजाराच्याही आत, असं का, हे सांगायला ती काढलेली असते. मग मी लिहितो: ‘डावीकडे समुद्र, मग कोकणची अरुंद पट्टी, मग सह्याद्रीचा उभा चढ, उजवीकडे पठार. समुद्रावरून येणारा बाण चढावर वर वळतो, तिथे पाऊस पडतो. माथा ओलांडून खाली उतरणाऱ्या बाणाखाली पाऊस नाही.’ शेजारच्या परिच्छेदात हे सगळं आलेलं असेल, तर एक ओळ पुरते. तेच ते दोनदा ऐकायला कोणालाही कंटाळा येतो. आणि धड्याच्या कोपऱ्यात शोभेसाठी टाकलेलं फुलपाखरू? त्याचा मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. हे शिक्षकांच्या पचनी पडायला फार वेळ लागतो.

खरी कसोटी प्रश्नपत्रिकेत. हृदयाची आकृती, एका भागावर ‘अ’, प्रश्न ‘अ हा भाग ओळखा’. वर्णनात ‘डावे निलय’ लिहिलं तर उत्तर फुटलं. ‘अ असे दाखवलेला भाग’ लिहिलं तर प्रश्नच उरला नाही. डोळसाला जेवढा सुगावा मिळतो तेवढाच इथे द्यायचा: खालच्या दोन कप्प्यांपैकी पाहणाऱ्याच्या उजवीकडचा, भिंत सगळ्यांत जाड. ‘पाहणाऱ्याच्या’ हा शब्द गाळून चालत नाही. आकृतीतलं हृदय समोरच्या माणसाचं असतं, त्यामुळे त्याची डावी बाजू कागदावर उजवीकडे येते. डोळस मुलंही इथे गोंधळतात. फक्त ऐकणाऱ्याला तर पडताळायला चित्रही नसतं.

आलेखांचा प्रश्न त्यामानाने सोपा. खाली आकड्यांचा तक्ता द्या, पर्यायी मजकुरात आलेखाचा कल सांगा आणि तक्त्याकडे बोट दाखवा. लांब वर्णन पर्यायी मजकुरात कोंबू नये. तिथे परिच्छेद नाहीत, मथळे नाहीत. सगळं एका दमात वाचलं जातं. ते सरळ धड्यात उघड्यावर लिहावं, डोळस मुलांनाही उपयोगी पडतं. मराठीत आणखी एक भानगड आहे: फाइलची भाषा मराठी नोंदवलेली नसेल तर इंग्रजी आवाज देवनागरीची वाट लावतो, किंवा ती गाळूनच टाकतो. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर मराठी आवाज लावूनही बडबड अगम्यच.

कायद्याची बाजू आपली भक्कम आहे. छापील पुस्तकं अंधांसाठी सुगम रूपात आणण्याची मोकळीक देणारा माराकेश करार सर्वांत आधी, २०१४ साली, भारतानेच मंजूर केला. पण कायदा वर्णनं लिहून देत नाही. ती शेवटी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात, पुस्तक छापून झाल्यावर, आणि लेखकाला नेमकं काय दाखवायचं होतं याचा अंदाज बांधत आम्ही बसतो. वास्तविक लेखकाने चित्रकाराला आधीच सूचना लिहून दिलेली असते: ‘वारा डावीकडून, पाऊस चढावर, पलीकडे कोरडी जमीन दाखवा.’ वर्णनाचं निम्मं काम त्या चिठ्ठीतच झालेलं असतं. चित्र तयार झालं की ती कचऱ्यात जाते. हल्ली नवं पुस्तक हाती आलं की फाइलींच्याही आधी मी त्या चिठ्ठ्या मागतो. निम्म्या वेळा मिळत नाहीत.