न करणाऱ्यांचे काय झाले?

आमच्या वस्तीत सकाळी फिरायला जाणारे सांगतात, "चालल्याने साखरेचा आजार टळतो." मी कारकून माणूस, जमेसमोर खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय हिशेब मानत नाही. फिरायला जाणारा मुळातच जपून राहणारा असेल तर? म्हणूनच चेन्नईच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांचे गट मर्जीने नव्हे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. २००६ साली निष्कर्ष आला. तीन वर्षांत नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामासाठी सतत पाठपुरावा केलेल्या गटात ३९ टक्क्यांना. माझ्या आईला हा आजार होता, म्हणून हा फरक मला मोलाचा वाटतो. बंधू-भगिनींनो, कुणी उपाय सांगितला, तर पैसे मोजण्याआधी विचारा : तो न करणाऱ्यांचे काय झाले?