चौकटीतला तंबोरा

घरातला मिरजेचा तंबोरा विकावा का, असा सल्ला विचारायला एक पालक माझ्याकडे आले. तंबोरा त्यांच्या आईचा. मुलगी नववीत, गाणे शिकते. पण तंबोरा मोबाईलमध्ये आला, मग हा भोपळा कोपऱ्यात कशाला, हा त्यांचा सवाल. हेडमास्तरला आमच्या धारवाडात स्थळापासून कर्जापर्यंत सगळेच विचारतात! मी म्हटले, आधी मुलीला एक तंबोरा बनवू द्या.

शाळेच्या संगणकावर ‘प्युअर डेटा’ आहे. मिलर पकेट या अमेरिकन गणितज्ञाने ते १९९६ च्या सुमारास आणले. फुकट मिळते, म्हणजे शाळेला परवडते. यात आज्ञा ओळीओळीने लिहायच्या नसतात. पडद्यावर चौकटी काढून त्या रेघांनी जोडायच्या, वायरमन जोडतो तशा. एका चौकटीत स्वराची कंपने, दुसरीत आवाज आटोक्यात ठेवणारा गुणाकार, तिसरी स्पीकरकडे.

मुलीने खर्जाचा सा म्हणून १२० लिहिले. आवाज निघाला, पण गुळगुळीत, पोकळ. ती म्हणाली, “सर, यात गंधार नाही.”

कान तयार होता म्हणायचा. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी जुळला की गंधार ऐकू येतो; कारण तारेतून १२० बरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही निघतात. पाचपट म्हणजे ६००. तो दोन सप्तके खाली आणला की १५०, सा च्या बरोबर सव्वापट. चौकटीतून मात्र लिहिले तेवढेच निघते. तिने २४०, ३६०, ४८०, ६०० अशा चौकटी वाढवल्या आणि गंधार आला. मग हार्मोनियमच्या हिशेबाचा गंधार, ६०४.८, शेजारी जोडला. आवाज सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे खाऊ लागला. शेजारचा मुलगा कानडीत म्हणाला, “याक सर?”

या ‘याक’पायी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून श्रुती मोजल्या आणि १९१० साली ग्रंथ काढला. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आपल्या हुबळीजवळच्या कुंदगोळचे. मुलांना मी हे सांगितले. त्यांचे लक्ष हेलकाव्यांकडे होते, आणि ते योग्यच होते.

घोडे अडले ते जवारीवर. घोडीवरच्या त्या दोऱ्यामुळे एकेक उपस्वर फुलतो नि मावळतो, प्रत्येक छेडीला वेगळा. आमच्या चौकटी नुसत्या एकसुरी गुणगुणत होत्या. प्रत्येकीला चढउतार जोडता जोडता पडदा कोळिष्टकासारखा झाला. फोनवरचा तंबोरा प्रवासात उपयोगी, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, आणि गंधार शोधायचा कान खर्जापाशीच तयार होतो.

वडील हे सारे दारात उभे राहून ऐकत होते. विकण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या आठवड्यात तंबोरा जवारी काढायला मिरजेला गेला. तो येईपर्यंत मुलगी सुटीत संगणकापाशी असते. चौकटी एकवीस झाल्या आहेत.