बाभळीची कप्पी

आमच्या घरी दाराजवळ खिळ्याला एक लाकडी कप्पी टांगलेली आहे. नृसिंहवाडीत राहणाऱ्या उर्दू-मराठीच्या मास्तराकडे शिडाची कप्पी कशाला, असं पाहुणे विचारतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नावा चालतात त्या वल्ह्यांवर.

माझे सासरे रत्नागिरीकडचे, उमेदीत शिडाच्या गलबतावर खलाशी होते. म्हातारपणी आमच्याकडे आले आणि घाटावर बसून नावांकडे बघत राहिले. शेवटी ओळखीच्या नावाडीकाकांची जुनी छोटी नाव मागून घेतली. डोलकाठीला बांबू, शिडाला खताची पोती उसवून शिवलेलं कापड. परबाण डोलकाठीला धरून राहावं म्हणून दोरीचं कडं, आणि ते वरखाली सरकावं म्हणून त्यात लाकडी मणी ओवलेले. मी म्हटलं, "अब्बा, ही तर तसबीह झाली." ते हसले नाहीत. मण्यांची भोकं आतून घासत होते. कड राहिली की दोरी तिथंच कुरतडते.

कप्पी मात्र मी बाजारातून आणली, पाणी शेंदायची, पत्र्याची. तेवढाच आपला हातभार!

वैशाखातल्या एका संध्याकाळी मुलाला घेऊन आम्ही निघालो. वळवाचा वारा सुटला, नाव कलली. शीड खाली घ्यायला अब्बांनी दोरी सोडली, पण शीड जागचं हलेना. दोरी चाकावरून घसरून चाक आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत अडकली होती. शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी मी पक्की गाठ मारून बांधलेली. काठावरून पाणी आत येऊ लागलं. अब्बांनी ती दोरी कोयत्यानं तोडली, शीड फडफडलं, वारा निघून गेला, नाव सरळ झाली.

"मास्तर, शीड कुणीही चढवेल. उतरलं पाहिजे."

बायको आठवडाभर आम्हा दोघांशीही बोलली नाही. त्या आठवड्यात अब्बांनी बाभळीची कप्पी केली, चाक आणि बाजूच्या फळीत नखही शिरू नये अशी. आणि एक दोन शिंगांची खुंटी; तिच्यावर दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळायची, गाठ मारायची नाही, म्हणजे क्षणात सुटते. मी पटाशी धरायला शिकलो. बी.एड.ला १९३७ च्या वर्धा परिषदेवर, झाकिर हुसेन समितीवर, हस्तव्यवसायातून शिक्षणावर पानंच्या पानं लिहिली होती. नाखवा म्हणजे नाखुदा, सुकाणू म्हणजे अरबी सुक्कान, हे वर्गात सांगतोच. फटीचं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा अब्बा नव्हते. आम्ही छावणीत होतो. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी नाव उलटल्याची बातमी तिथंच कळली. त्या रात्री बायकोनं पहिल्यांदा विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?" मी गाठीसकट सगळं सांगितलं.

परतलो तेव्हा काकांची नाव वाहून गेली होती. कप्पी चिखलात सापडली, पण लाकूड फुगून चाक घट्ट बसलेलं. मुलानं ती धुऊन सावलीत ठेवली. रोज शाळेला जाताना चाक बोटानं ढकलून बघायचा. बाराव्या दिवशी फिरलं.