सातबारा कुणाच्या नावावर?

चंडीगडच्या सेक्टर ४५ मधल्या बुडैल गावात शिरलं की आखीव शहर एकदम तुटतं. रुंद, सरळ रस्ते मागे राहतात आणि अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या सुरू होतात. लाल डोऱ्यातली, म्हणजे जुन्या गावठाणाच्या हद्दीतली, वस्ती तेवढी उरली. भोवतालची शेतं संपादनात गेली, त्यांवर सेक्टर उभे राहिले. अशा या शहरात हिचकॉकचा १९२८चा मूकपट ‘द फार्मर्स वाइफ’ पाहिला आणि राहून राहून मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर आठवले.

हिचकॉकचा स्वीटलँड हा खाऊनपिऊन सुखी इंग्लिश शेतकरी. बायको वारलेली, लेक लग्न होऊन गेलेली. मग घर सांभाळणाऱ्या मिंटाला समोर बसवून तो लग्नाजोग्या बायकांची यादी करतो. शेकोटीजवळच्या रिकाम्या खुर्चीत एकेक जण येऊन बसल्याचं त्याला दिसतं. प्रत्यक्षात मात्र एकामागून एक नकार पदरी पडतात. शेवटी कळतं, त्या खुर्चीची खरी धनीण मिंटाच. ऐन समारंभात सैल विजार सावरत धावपळ करणाऱ्या अ‍ॅश गड्याला पाहून तर मी पोट धरून हसलो.

त्याआधी तीनच वर्षं, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ‘सावकारी पाश’ काढला होता. कथा ना. ह. आपट्यांची, दिग्दर्शन बाबूरावांचं, तरुण शेतकरी झाले व्ही. शांताराम. सावकार जमीन गिळतो आणि कुणब्याचा पोर मुंबईत गिरणीकामगार होतो. उदास झोपडी आणि तिच्याजवळ रडणारं कुत्रं, एवढ्या एका दृश्यात बाबूरावांनी घरावरची सारी अवकळा मांडली. तो मूकपट आज पाहायला मिळत नाही; जुन्या जाणत्यांनी लिहून ठेवलं म्हणून ते दृश्य आपल्यापर्यंत पोचलं.

स्वीटलँडला घोर आहे तो बायको मिळण्याचा, जमिनीचा नाही. उद्या उठल्यावर शेत जागेवर असणार, याची त्याला खात्री आहे. म्हणून तर नकार पचवून तो पुढच्या दारात नव्या उमेदीनं उभा राहतो. बाबूरावांच्या शेतकऱ्याला ही उसंत कधी मिळालीच नाही. बुडैलच्या गल्लीत उभं राहिलं की हा फरक मला फार टोचतो.

स्वीटलँडसारखं मोकळं हसू आपल्या शेतकऱ्याच्याही वाट्याला यावं, असं मनापासून वाटतं. पण गावाकडचा कुठलाही सिनेमा पाहताना आधी एवढं विचारावं: सातबारा कुणाच्या नावावर आहे?