कडबाकुट्टीची काळी पिन



परवा कडबाकुट्टी चालू असताना गोठ्यात जळकट वास आला. बटण बंद करून पिन ओढली तर हाताला चटका. तीन दांड्यांपैकी एक काळीठिक्कर, मोठी अर्थिंगची हिरवट, तिसरी बरी. एकलहऱ्यात ६३० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, आणि आमचं घोडं अडलं पितळेच्या एका दांडीपाशी!

आई म्हणाली, "चिंच लाव, तांब्यावाणी निघंल." लावली, पुसली, उन्हात वाळवली. एकदम लखलखीत. दुसऱ्या दिवशी दोन पेंढ्या कापून होतायत तोवर तीच दांडी परत काळी.

मग मेन स्विच पाडून पिन खोलली. काळ्या दांडीचा स्क्रू ढिला, आतल्या तारा जळालेल्या. सॉकेटची पकडही सैल, कारण घरात आम्ही सगळेच वायर धरून पिन ओढतो. म्हणजे तो मळ नव्हताच, तापल्याचा डाग होता. हिशोब बघा: मोटर १० अँपिअर घेते आणि ढिल्या जोडाचा अडथळा ०.१ ओहम धरला, तर १० × १० × ०.१ म्हणजे १० वॅट उष्णता, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. घासून काय होणार?

हिरव्या दांडीचं वेगळं. तिच्यातून एरवी करंट जातच नाही, ती तापणार कशी? गोठ्यातली ओल आणि मुताचा अमोनिया पितळ खातो. (द्राक्षवाल्यांनो, शेजारी गंधकाची गोणी असेल तर पितळ न तापताही काळवंडतं.)

पण घाम फुटला तो पुढं. त्या हिरव्या दांडीची वायर आत सुटूनच पडली होती. कधीपासून, देव जाणे. आई रोज धारा काढून ओल्या हातानं त्याच मशीनच्या पत्र्याला धरून चारा घालते.

१६ अँपिअरची नवी पिन, नवं सॉकेट घेतलं, गव्हाणीपासून लांब, उंचावर बसवलं. अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं. तुमच्याकडं नुसता हलका हिरवा थर असेल तर पिन सॉकेटातून काढून झिरो पेपरनं कोरडीच घासा. पाणी, चिंच नको, ओल आत राहते. काळी असेल तर आधी स्क्रू बघा.

जुनी पिन खुंटीला टांगलीय. आई म्हणते, "चिंच मातर वाया गेली."