ताश्कंदचा सोमवार

आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात पूर्वी दोन सोमवार नांदत असत. एक आजीचा, महादेवाचा. तो दिवसभर उपाशी राहून तिन्हीसांजेला सुटायचा. दुसरा वडिलांचा, म्हणजे नानांचा. तो सकाळी भरपेट जेवून संध्याकाळी लागायचा. "माझा सोमवार सुटतो तेव्हा तुझा लागतो, मी पानं मांडायची तरी किती?" असे आजी दर आठवड्याला विचारी आणि नाना दर आठवड्याला नुसते हसत.

नानांचा देव कैलासावरचा नव्हता. १९६५ साली पावसाने दगा दिला, त्यातच पाकिस्तानशी युद्ध पेटले, आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसण्याची पाळी देशावर आली. तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातले एक जेवण सोडण्याची विनंती केली. सोमवारी संध्याकाळी घरोघरच्या चुली थंड राहू लागल्या. खाणावळींनीही आपली दारे ओढून घेतली. नाना त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. पंधराव्या वर्षी संध्याकाळचे जेवण सोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी त्या वयाचा मुलगा आहे त्यांना सांगायला नको.

पुढे १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करारावर सह्या झाल्या आणि त्याच मध्यरात्रीनंतर शास्त्रीजी तिथेच गेले. १० तारीख सोमवारची होती. ११ च्या सकाळी चाळीतल्या एकुलत्या एका रेडिओभोवती माणसे जमली आणि नानांचे वडील, ज्यांना आजवर कुणी रडताना पाहिले नव्हते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ही हकीकत नाना नेहमी इथवरच सांगतात. शास्त्रीजी गेले कसे, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. ती पुस्तके नानांनी कधी हातात धरली नाहीत. "गेले ते गेले. मला सोमवार दिलाय, तो मी करतो," एवढेच त्यांचे म्हणणे.

मंडळींनी तो सोमवार केव्हा सोडून दिला हे आता कुणालाच सांगता येणार नाही. नानांनी मात्र सोडला नाही. मी दहावीत असताना, पुस्तकी हुशारी नुकतीच अंगात शिरली होती तेव्हा, एकदा त्यांना म्हणालो होतो, "नाना, गोदामांत गहू कुजतोय. तुमच्या एका पोळीनं आता कुणाचं पोट भरणार आहे?" नाना काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत जाऊन बसले. त्या तांब्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी बजावले की गोळ्या घेऊन रात्री उपाशी झोपणे म्हणजे संकटाला आमंत्रण. आम्ही समजावले, सौ.ने डोळ्यांत पाणी आणले, नातवाने जालावरची माहिती वाचून दाखवली. नाना ऐकून घेत आणि सोमवारी पाटावरून उठत. शेवटी मी चिडून विचारले, "मग हे व्रत संपणार तरी कधी?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "व्रत असं मधेच टाकत नाहीत. उद्यापन करतात. ताश्कंदला नेऊन आण, मग सोडतो."

मराठीच्या प्राध्यापकाच्या पगारात परदेशगमन हा विनोदाचा विषय आहे. पण उद्यापनाला खर्च येतोच, अशी मनाची समजूत घालून गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे निघालो. सौ.ने मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी आणि नानांच्या गोळ्यांचा वारांप्रमाणे लावलेला डबा दिला.

दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तासांवर आहे. म्हणजे दुपारी डोंबिवलीहून मोटारीने पुण्याला जायला निघावे आणि पोचू नये, तेवढा वेळ. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसू लागले तेव्हा नानांनी माझा हात धरला. उतरेपर्यंत सोडला नाही. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. नानांनी विमानतळावर उभ्या उभ्या काटे फिरवले आणि म्हणाले, "अर्धा तास मिळाला बघ फुकट."

पैसे बदलले तेव्हा मात्र ते घाबरले. आपल्या एका रुपयाला तेव्हा तिथले दीडशेच्या आसपास सोम मिळत. हजार रुपये मोडले आणि नाना लक्षाधीश झाले. चहाचे बिल हजारांत आले की ते दर वेळी दचकत आणि मग खिशातल्या कागदावर भागाकार करून सुस्कारा सोडत.

आम्ही उतरलो होतो जुन्या भागातल्या एका घरगुती पाहुणेघरात. अशा वस्तीला तिथे 'महल्ला' म्हणतात. रस्त्यावरून नुसती मातकट भिंत आणि एक दार दिसते. आत गेले की चौक, वर द्राक्षाचा मांडव आणि त्याखाली बैठकीचा मोठा लाकडी चौथरा. घरमालकीण साठी ओलांडलेल्या विधवा बाई. त्यांना सगळे 'ओपा' म्हणत, म्हणजे ताई. थोरल्या भावाला मात्र तिथे 'अका' म्हणतात. मिशाळ टॅक्सीवाल्याला ओपांनी 'अका' अशी हाक मारली तेव्हा आमच्या कोल्हापूरकडच्या अक्का डोळ्यांसमोर उभ्या राहून मला हसू आवरेना.

शब्दांची ही गंमत पुढे पाच दिवस पुरली. चोर्सू नावाचा तिथला मोठा बाजार आहे, निळ्या घुमटाखालचा. चोर्सू म्हणजे चार वाटा, आपला चव्हाटाच की! तिथे दाराला 'दरवोझा', हिशेबाला 'हिसोब', तराजूला 'तरोझी'. फारशीतून हे शब्द त्यांच्याकडे गेले तसे आपल्याकडेही आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी घरातले दरवाजे दरवाजेच राहिले. माधव जूलियनांनी १९२५ साली फारशी-मराठी कोश काढला. तो बरोबर असता तर मी भाजीवाल्यांची शिकवणीच घेतली असती. फजितीही झाली. 'सब्झी' मागितली तर त्या माणसाने गाजरे तोलून दिली. तिथे सब्झी म्हणजे गाजर! दोन दिवस आम्ही गाजराची कोशिंबीर खाल्ली. पण सगळ्यांत मोठा शोध नानांना लागला. टॅक्सीवाल्याचे नाव बहोदिर होते. बहादूर हा शब्द मुळात त्याच मुलखातून, तुर्क-मोंगलांच्या बोलीतून, आपल्याकडे आलेला आहे, असे मी सांगितल्यावर नाना थबकले. "म्हणजे लालबहादूरांतला बहादूर इथलाच?" म्हणाले आणि बराच वेळ त्या टॅक्सीवाल्याकडे कौतुकाने पाहत राहिले.

गावात हिंडताना नानांचे लक्ष जुन्या इमारतींकडे असे. "हे शास्त्रीजींनी पाहिलं असेल का?" हा त्यांचा एकच प्रश्न. त्याचे उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाले आणि ते नानांना जड गेले. शास्त्रीजी गेल्यावर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी, ऐन शहराच्या पोटाखाली भूकंप झाला. माणसे त्या मानाने थोडी दगावली, पण कच्च्या विटांचे जुने शहर बसले आणि सुमारे तीन लाख लोक उघड्यावर आले. त्या जागी आता स्मारक आहे. काळ्या दगडाचा एक चौकोनी ठोकळा, त्यावर कोरलेले घड्याळ, आणि त्या घड्याळातून गेलेली तडा पुढच्या फरसबंदीतून थेट एका कुटुंबाच्या पुतळ्यापर्यंत पोचलेली. बाई मुलाला उराशी धरून आणि पुरुष त्या दोघांना आड करून हात पुढे केलेला. नाना त्या तडेवरून पाय न देता बाजूबाजूने चालत गेले. त्यांना कोयना आठवली असणार. १९६७ च्या डिसेंबरातल्या त्या पहाटे डोंबिवलीतही फळीवरची भांडी खाली आली होती, असे ते पुष्कळदा सांगतात.

"म्हणजे ते ताश्कंद आता नाहीच," ते म्हणाले.

अगदीच नाही असे नव्हे. नवाईच्या नावाचे नाट्यगृह १९४७ सालचे, महायुद्धातल्या जपानी कैद्यांच्या हातांनी उभे राहिलेले. ते भूकंपातही हलले नाही. पण बाकीचे शहर बहुतेक नवे. सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यातून गवंडी आणि सुतार येऊन त्यांनी ते पुन्हा उभारले. म्हणून रस्ते रुंद, झाडी दाट, आणि रस्त्याच्या कडेने वाहते पाट. हो, पाटच! बागाईतात असतात तसे, झाडांच्या मुळाशी पाणी नेणारे. आमच्याकडे रस्त्याच्या कडेने काय वाहते, हे दिवाळीच्या दिवसांत लिहीत नाही. १९७७ साली सुरू झालेली भुयारी रेल्वेही पाहण्यासारखी आहे. अंतराळवीरांच्या नावाचे एक स्थानक निळ्या अंधारात बुडाले आहे आणि भिंतीवर गागारिनच्या पंगतीला पंधराव्या शतकातला ज्योतिषी राजा उलुगबेग. गाडीत नानांना पाहताच तीन मुले एकदम उभी राहिली. डोंबिवली-दादर प्रवासात ज्यांची हयात गेली ते नाना गोंधळून म्हणाले, "यांचं स्टेशन आलं वाटतं."

सोमवारी सकाळी आम्ही शास्त्रीजींकडे निघालो. वाटेत फुले घ्यायची होती. नानांनी अकरा गुलाब मागितले. आपला शकुनाचा आकडा. फूलवालीने कुणासाठी, असे खुणेने विचारले. 'शास्त्री' म्हटल्यावर तिने मान हलवली आणि एक फूल काढून घेतले. टॅक्सीवाल्याने समजावले की तिकडे जिवंत माणसाला विषम फुले देतात, गेलेल्याला सम. मी वाद घालणार होतो, पण नाना म्हणाले, "राहू दे दहाच. दहा तारखेला ते होते."

शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. जागा साधी, झाडीची. आम्ही गेलो तेव्हा एक आजीबाई मुलाची गाडी ढकलत होत्या, एवढीच काय ती वर्दळ. अर्धपुतळ्यात माणसाची उंची कळत नाही, हे शास्त्रीजींच्या बाबतीत बरेच झाले. नानांनी फुले ठेवली, चपला काढल्या आणि उभे राहिले. मला वाटले होते की ते रडतील. ते हळूहळू सांगू लागले, मला की पुतळ्याला कळेना: इथे आपले यशवंतराव चव्हाण होते, संरक्षणमंत्री म्हणून, आणि विमानाकडे नेताना शवपेटीला कोसिजिनांनी खांदा दिला आणि अयूबखानांनीही. "ज्याच्याशी लढाई झाली त्यानं खांदा दिला," हे वाक्य ते दोनदा म्हणाले. मग चपला घालून, "चल, ऊन झालं."

त्या संध्याकाळी मला खरी धास्ती होती. उद्यापन म्हटले होते, पण ते आज, की उद्यापासून, हे नानांनी सांगितले नव्हते. गोळी दुपारी घेऊन झालेली. ओपांनी मांडवाखाली दस्तरखान पसरले. भोपळ्याचे भाजलेले सामोसे, तुती, चेरी, हिरवा चहा, आणि मधोमध तंदूरमधून नुकत्याच काढलेल्या गोल, नक्षीदार रोट्या. रोटीला तिथे 'नोन' म्हणतात. नाना हात मांडीवर ठेवून बसले. ओपांची नात शास्त्रीजींच्याच नावाच्या शाळेत हिंदी शिकत होती. तिने पुस्तकी हिंदीत विचारले, "दादाजी, आप भोजन क्यों नहीं करते?" नानांनी आपल्या डोंबिवली हिंदीत सांगितले, "सोमवार को शाम को मैं नहीं खाता. शास्त्रीजी ने बोला था."

मुलीचे डोळे मोठे झाले. "हमारे स्कूल के शास्त्रीजी?"

तिने आजीला सगळे सांगितले. ओपा बराच वेळ गप्प होत्या. भूकंप झाला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि कित्येक महिने तंबूत राहिल्या, हे आम्हाला आदल्या रात्री कळले होते. ताश्कंदला रशियात भाकरीचे शहर म्हणत. १९२१ च्या दुष्काळात धान्याच्या आशेने तिकडे निघालेल्या एका पोराची गोष्ट नेवेरोव नावाच्या लेखकाने लिहिली, तिचे नावच ते आहे. पुढे महायुद्धात हजारो पोरकी मुले या शहराने घराघरांत वाटून घेतली. ओपांनी रोटी उचलली आणि नातीमार्फत विचारले, "तुमच्या शास्त्रीजींनी जेवण सोडायला सांगितलं तेव्हा धान्य नव्हतं. आता आहे का?"

हाच प्रश्न मी दहावीत विचारला होता. मी मान खाली घातली.

नाना थोड्या वेळाने म्हणाले, "है."

तिथे रोटी सुरीने कापत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्याने ती हाताने मोडायची. ओपांनी ती नानांपुढे धरली. नानांनी ती मोडली, पहिला तुकडा नातीला दिला, दुसरा मला, आणि तिसरा आपल्या तोंडात घातला. मी घड्याळात पाहिले नाही. सोमवारची संध्याकाळ होती, इतके खरे.

निघायच्या दिवशी ओपांनी आणखी एक रोटी आणली आणि नानांना तिचा एक घास घ्यायला लावला. माणूस दूर निघाला की त्याने असा घास घ्यायचा आणि उरलेली रोटी घरात टांगून ठेवायची. तो परत येऊन ती संपवतो. "म्हणजे मला पुन्हा यावं लागणार," नाना माझ्याकडे बघून म्हणाले. मी तिकिटाच्या किमतीचा विचार करीत होतो.

घरी आल्यावर पहिला सोमवार आला. सौ.ने काही न बोलता नानांचे पान मांडले. ते येऊन बसले, आमटी वाढून घेतली, पोळी हातात घेतली आणि ती मधोमध मोडून अर्धी परत ताटलीत ठेवली.

"हे काय, नाना? उद्यापन झालं ना?" मी विचारले.

"झालं की," नाना म्हणाले. "अर्धी डॉक्टरांची. अर्धी राहू दे. तिकडे नाही का एक टांगलेली?"